टोकनच्या स्पीकरने आईला विचारलं...

तुमच्या आईला शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन करायला सांगितलं, तर तिच्या किडन्यांना तो डाय झेपेल का हे आधी कोण बघतं? मला वाटायचं, कुणीतरी बघत असेलच.

भूत, चकवा, संकेत... यातलं मी काही मानत नाही. कॉलेजात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटलीत मी. तरी हे लिहितेय, कारण ऐकणारी मी एकटी नव्हते.

ऐरोलीतलं एक स्कॅन सेंटर, पहिला मजला, भर दुपार. आम्ही नावड्याहून आलेलो. फोनवर सांगितलं होतं, "उपाशीपोटी या." आई मूळची साताऱ्याकडची, निर्जळी एकादशा करणारी. तिच्या लेखी उपाशी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. मलाही ते खरं वाटलं. नंबर लांबतच गेला, तिचे ओठ सुकलेले.

भिंतीवर टोकन पुकारणारा स्पीकर होता, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. तो मध्येच म्हणाला — "माई, गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत का?"

आईला 'माई' फक्त माहेरी म्हणतात.

"चालू की. सकाळीच घेतली," आई म्हणाली. शेजारीण विचारतेय अशा थाटात.

"आणि पाणी?"

"उपाशी बोलावलंय न्हवं."

मग पुढचं टोकन. समोरचे काका माझ्याकडे वळले. "तुमच्या पेशंटला बरं विचारतात. आमाला कोण विचारत नाय."

मी काउंटर गाठला, स्पीकरवर कोण बोलतंय ते विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यात फक्त नंबर भरलेत."

"बरं. मग तुम्ही सांगा, आईचं क्रिएटिनिन किती आहे?"

"ते तुमच्या डॉक्टरांनी बघितलं असेल ना."

आमच्या डॉक्टरांना फोन लावला. तिथून उत्तर — "ते सेंटरवाले बघतात."

भांडून रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडन्यांवर आधीच ताण होता. मग सगळ्यांची धावपळ... स्कॅन पुढे ढकलला, किडनीवर ताण आणणाऱ्या त्या गुडघ्याच्या गोळ्या बंद, सलाईन सुरू. रिपोर्ट सुधारल्यावर कमी डाय देऊन स्कॅन झाला. किडन्या शाबूत आहेत.

नंतर त्या स्पीकरमधलं सगळं रेकॉर्डिंग मी ऐकून घेतलं. नुसते आकडे. आई म्हणते, "विचारलं ना कुणीतरी, झालं मग." माझं नाही झालं. पगारी माणसांनी विचारायचं ते भिंतीने विचारावं? तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही.

तुमच्या घरात कुणाला असा स्कॅन सांगितला असेल, तर किडनीचा ताजा रिपोर्ट मागा. दुखण्याच्या, शुगरच्या, सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा आणि पाणी किती प्यायचं ते स्पष्ट विचारा. उत्तर मिळेपर्यंत सुई टोचू देऊ नका.