खडूच्या दहा रेघा

शाळेच्या गणवेशाचा एक शर्ट शिवायला चौदा बायका लागतात, हे शर्ट घालणाऱ्या पोरांना कुठून ठाऊक असणार! एक बाह्या जोडते, एक खिसा लावते, एक काजं करते, एक बटणं टाकते. अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. त्यामुळे त्या कारखान्यात बायकांना नावंसुद्धा शर्टाच्या तुकड्यांवरून पडली होती. बाहीवाली, खिसेवाली, काजवाली. आपली ही बाई कॉलरवाली. कॉलर वाकडी बसली की अख्खा शर्ट कामातून गेला, म्हणून ते काम सगळ्यांत जुन्या हाताकडे. एकोणीस वर्षं ती कॉलरी लावत होती, आणि एकही वाकडी गेली नव्हती. निदान तिचं म्हणणं तसं होतं, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती.

मशिनं दोन लांब टेबलांवर बसवलेली होती, सात इकडे, सात तिकडे. टेबल म्हणजे लोखंडी पायांवरची एक सलग लाकडी फळी. सातही मशिनं एकदम सुरू झाली की फळी अशी थरथरायची की वर ठेवलेला चहाचा कप आपोआप सरकत कडेला यायचा. नव्या बाईचा चहा पहिल्या दिवशी हमखास सांडायचा आणि बाकीच्या पोट धरून हसायच्या. आठवडाभरात मात्र तिलाही ती थरथर जाणवेनाशी व्हायची. सवय कशाचीही होते.

एकेचाळिसाव्या वर्षी कॉलरवालीची पाळी थांबली, तेव्हा तिला वाटलं, चला, सुटले एकदाची. दुसरं काही तिच्या मनातही आलं नाही, आणि त्याला कारण होतं. तिची मुलगी बारा वर्षांची. मुलीनंतर दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं वाहून गेलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर तिने पाळण्याची दोरी काढून तिच्यावर कपडे वाळत घातले आणि तो विषय बंद केला. त्यामुळे आता पोट जड वाटायला लागलं तसं ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "वायू धरतो हो फार."

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. "वायू नाही, बाई. पाचवा महिना लागलाय."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. चौदा-चौदा मजले खाली अंधार आणि हा दोरावर लोंबकळत पान्याने नट आवळणारा, असा धीराचा गडी. त्याला सांगितल्यावर तो मटकन खाली बसला. "आता? या वयात?" एवढंच म्हणाला. मग उठून दारापर्यंत गेला, परत आला, आणि विचारलं, "गोळ्या काय काय दिल्यात?"

मुलगी मात्र तीन दिवस बोलली नाही. वर्गातल्या मुली काय म्हणतील, हे तिचं दुखणं. चौथ्या दिवशी बापाने तिला जवळ ओढलं आणि म्हणाला, "हे बघ, आजपासून तू चिमणी नाहीस. आता तू थोरली." हे कुठेतरी तिला लागू पडलं. संध्याकाळी तिने कपाटातला स्वतःचा खालचा कप्पा रिकामा केला आणि आईला सांगितलं, "हा त्याचा." त्यानंतर चिमणी म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही पोरगी.

सातव्या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कॉलरवालीला समोर बसवून बजावलं. रोज जेवण झालं की शांत जागी डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाची हालचाल मोजायची. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. नाही हललं तर तसंच उठून इकडे यायचं, वाट बघत बसायचं नाही.

"कळतं हो मला, पहिलटकरीण का आहे मी?" कॉलरवाली म्हणाली.

आता कारखान्यात शांत जागा कुठली आणायची? शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, कामाचा रगाडा. डबा मशिनीवरच खायचा आणि तोंड पुसून कामाला लागायचं. तिने आपला मार्ग काढला. कापडावर खुणा करायचा खडू हाताशी होताच. पोट फळीला टेकलेलं असायचंच, कारण कॉलर लावायची तर सुईशी अगदी जवळ बसावं लागतं. बाळ हललं की ती फळीच्या कडेवर एक रेघ मारायची. दहा रेघा झाल्या की दिवसाचं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्या पुसून नव्या.

आणि बाळही असं गुणी की मशिनं सुरू झाली की त्याच्या अंगात यायचं. "हा बाहेर येईल तो कॉलर ताठ करूनच," काजवाली म्हणायची. शेजारी बसणारी बाहीवाली, नुकतीच लग्न झालेली, कौतुकाने त्या रेघा बघत राहायची. सुपरवायझर दर दहा मिनिटांनी मनगटाकडे बघायचा, म्हणून त्याचं नाव घड्याळ. तोसुद्धा येता-जाता विचारायचा, "काय, किती झाल्या?"

नववा लागला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, आता घरी बसा. नवराही मागे लागला. पण ही ऐकेल तर शपथ! "एवढा लॉट होऊ दे. माझ्या जागी कुणाला बसवलं तर कॉलरींची वाट लागेल." खरं सांगायचं तर तिला पोराची काळजी नव्हती असं नाही. उलट रोजच्या दहा रेघा समोर दिसत होत्या, म्हणूनच ती निर्धास्त होती.

शनिवारी लॉट संपला. दहाही रेघा दुपारच्या चहाच्या आतच झाल्या होत्या. तिने मशिनीवर कापड टाकलं, सगळ्यांचा निरोप घेतला आणि घरी आली.

रविवारी सकाळी नवरा मुलीला घेऊन बाजारात गेला. कॉलरवाली खाऊन-पिऊन डाव्या कुशीवर पडली. घरात कसलाच आवाज नव्हता. तिने सवयीने पोटावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

काहीच नाही.

झोपला असेल, असं म्हणून ती साखरेचं पाणी प्यायली. कूस बदलली. पोटावर टिचक्या मारल्या, हाका मारल्या, रागावलीसुद्धा. अर्धा तास गेला. मग ती आठवायला लागली, काल घरी आल्यावर हलला होता का? परवा संध्याकाळी? स्वयंपाक करताना? झोपताना? तिला एकही वेळ आठवेना. आठवत होत्या त्या फक्त रेघा, आणि सगळ्या रेघा मशिनीवरच्या. तिच्या डोळ्यांसमोर तो सरकत कडेला येणारा चहाचा कप आला, आणि ती धडपडत उठली.

नवरा दारात आला तेव्हा ती चपला घालून उभी होती.

दवाखान्यात नर्सबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग डॉक्टरबाईंना बोलावलं. डॉक्टरबाईंनी यावेळी पडदा तिच्याकडे वळवला नाही.

"मोजत होता ना तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"काल?"

"दहा."

"परवा?"

"दहा."

डॉक्टरबाईंनी नर्सबाईंकडे पाहिलं. ठोके थांबून दोन-तीन दिवस तरी झाले असावेत, असं त्यांनी नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं. पण दार उघडंच होतं आणि तिने ते ऐकलं. दोन दिवस म्हणजे वीस रेघा. वीसच्या वीस रेघा त्या फळीच्या.

एवढ्यावर सुटका असती तरी काय! पण मेलेलं बाळसुद्धा आईलाच जन्माला घालावं लागतं, त्याच कळा सोसून. सोमवारी सकाळी औषध देऊन कळा सुरू केल्या आणि दुपारपर्यंत ती कळा देत होती. शरीराला बारा वर्षांनंतरही सगळं आठवत होतं. कधी दम धरायचा, कधी जोर करायचा. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ जन्मलं आणि ठणाणा रडायला लागलं. नर्सबाईंनी जाऊन दार लावून घेतलं.

इतके महिने सगळ्या जणी 'हा' म्हणत होत्या, ती मुलगी निघाली. डोकंभर काळं जावळ, थोरलीसारखंच रुंद कपाळ. नाळेला घट्ट गाठ बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही लवकर आला असता तरी बाळ हाती लागलं असतं की नाही, सांगता येत नाही. तुमचा काही दोष नाही." कॉलरवालीने मान हलवली. डॉक्टरबाईंना फळीचं कुठे माहीत होतं! नर्सबाईंनी मुलीला मऊ कापडात गुंडाळून तिच्या हातात दिलं. तिने चेहरा पाहिला, बोटं मोजली, आणि गळ्याशी कापडाची घडी वाकडी आली होती ती सवयीने सरळ केली. मग ती जी रडायला लागली, ती नवऱ्यालाही आवरेना.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. पोलकं भिजून जायचं आणि ती न्हाणीघरात जाऊन बसायची. नवरा दाराबाहेर उभा राहायचा, आत यावं की नाही हे त्याला कळायचं नाही. अशाच एका सकाळी त्याने मुलीला हाक मारली, "चिमणे, पाणी आण गं." कितीतरी महिन्यांनी ते नाव त्याच्या तोंडी आलं होतं. त्याला वाटलं, थोरली म्हटलं तर पोरीला लागेल.

पोरगी पाणी घेऊन आली, पण दिलं नाही. तांब्या धरून उभी राहिली. "थोरलीच म्हणा," ती म्हणाली. "ती जन्मली होती ना? मग मी थोरलीच."

त्या तांब्यातलं पाणी त्या दिवशी कुणीच प्यायलं नाही.

दोन महिन्यांनी कॉलरवाली कामावर गेली. फळीचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगून काय सांगायचं? स्वतःच्या पोटातलं पोर कुठलं आणि लाकूड कुठलं, हे मला कळलं नाही? ही लाज तिला दुःखापेक्षा जड झाली होती. बायकांनी तिला भरल्या डोळ्यांनी जागा करून दिली. तिने मशिनीवरचं कापड काढलं. फळीच्या कडेवर शनिवारच्या दहा रेघा जशाच्या तशा होत्या. तिच्या जागी बसणाऱ्या बाईने त्या पुसल्या नव्हत्या, कुणालाच पुसवल्या नव्हत्या.

घड्याळाने खटका दाबला. मशिनं सुरू झाली, फळी थरथरली, आणि तिच्या रिकाम्या पोटात पुन्हा ते हलायला लागलं. तेच, तसंच, अगदी तिथेच. तिने खुर्ची झटकन हातभर मागे ओढली.

तेव्हा तिचं लक्ष शेजारी गेलं. बाहीवालीला सातवा महिना लागला होता. पोट फळीला टेकवून ती बाह्या जोडत होती, आणि मधेच थांबून, खाली बघून, हसून, तिने खडूने फळीच्या कडेवर एक रेघ मारली. चार रेघा झाल्या होत्या. ही युक्ती तिने कॉलरवालीचीच उचलली होती.

गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. कॉलरवालीने पाचवी रेघ पडताना पाहिली आणि ती ओरडली, "बंद करा! सगळी बंद करा!"

कुणाला काही कळेना. ती उठून भिंतीपाशी गेली आणि तिनेच खटका खाली ओढला. घड्याळ धावत आला. "काय झालं? सुईत बोट गेलं का कुणाचं?"

"मोजू नकोस," कॉलरवाली बाहीवालीला म्हणाली. "ते बाळ नाही गं. ती फळी हलते. मी दोन दिवस फळी मोजत होते. माझी पोर गेली होती आणि मी फळी मोजत होते."

बाहीवालीच्या हातातला खडू खाली पडला. काजवालीने तिला धरून उठवलं, कापडाच्या गठ्ठ्यांवर डाव्या कुशीवर निजवलं. घड्याळाने मनगटाकडे बघायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

कॉलरवाली तिच्या उशाशी जमिनीवर बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग एकदम बाहीवालीने डोळे विस्फारले.

"हललं!"

"नक्की?"

"ताई, सगळं बंद आहे," बाहीवाली रडत रडत म्हणाली. "दुसरं कोण हलणार?"

दहा व्हायला पाऊण तास लागला. तोवर खटक्याला कुणीही हात लावला नाही.

मग मशिनं पुन्हा सुरू झाली. हातभर लांबून काही कॉलर लावता येत नाही. त्या दिवशी कॉलरवालीच्या सगळ्या कॉलरी वाकड्या बसल्या. काजवाली एकेक उसवत राहिली. खुर्ची मात्र कॉलरवालीने पुढे ओढली नाही.