सायकलचा खांदा

माजरीच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये पत्रू तेहेतीस वर्षे ब्रेकचे काम करत होता. मी त्याच शेडमध्ये वेल्डर होतो. साठ टनांचा डंपर उतारावर थांबायचा तो पत्रूच्या सहीवर. त्याने सही केली नाही तर गाडी जागची हलत नसे, इंजिनिअर साहेब कितीही ओरडोत. साहेब बदलत गेले. पत्रूची सही तीच राहिली.

या माणसाला सायकल चालवता येत नाही. लहानपणी घरी बैल होते, सायकल नव्हती. पुढे जमीन खाणीत गेली, बदल्यात नोकरी आली, बैल विकले. ड्युटीला जायला बस होती. शिकायचे राहून गेले. शेडमध्ये हे मला एकट्याला ठाऊक होते आणि मी ते निवृत्तीपर्यंत कोणाला सांगितले नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या तेरा दिवस आधी त्याच्या घरी खोके आले. मुलगा गोपाल आणि सून दोघे बुटीबोरीला कामाला आहेत. नात रोशनी, नऊ वर्षांची, आजी-आजोबांकडे राहून शिकते. गोपालने तिच्यासाठी सायकल मागवली होती. खोक्यात सांगाडा, पुढचे चाक, हँडल, पायडल, सीट, आणि एक चित्रांचा कागद. चौकातला सायकलवाला बिरजू खोके पाहून म्हणाला, "आणून द्या दुकानात. चाळीस मिनिटांचं काम आहे."

पत्रूने अकरा दिवस लावले.

पहिले दोन दिवस त्याने नुसते मोजले. नट किती, वायसर किती, चित्रात किती. एक वायसर कमी भरला म्हणून खोक्याचा पुठ्ठा उसवला. वायसर पुठ्ठ्याच्या घडीत होता. तिसऱ्या दिवशी त्याने जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला लाल रंग दिला, त्यावर लिहिले, "काम चालू आहे. चालवू नये." आणि तो हँडलला टांगला. हँडल तेव्हा खाटेवर होते, सायकलला लागलेले नव्हते.

"आबाजी, हे लाल पाटी कवा निंगन?" रोशनी शाळेतून आली की विचारायची.

"काम झाल्यावर."

"काम कवा होईन?"

"पाटी निंगन तवा."

काम मात्र मी बारकाईने पाहिले आणि त्यात मला खोट काढता आली नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बिरजूकडच्या अर्ध्या सायकलींचे डावे पायडल जोर लावून सुलटे बसवलेले असतात आणि महिन्यात गळून पडतात. पत्रूने ते बोटाने फिरवून बसवले. पान्हा शेवटच्या अर्ध्या फेऱ्यालाच लागला. हँडलच्या दांड्यावर एक रेघ असते, ती आत गेली पाहिजे. ती त्याने आत घातली आणि वर आणखी एक बोट. सीट खाली आणली, इतकी की बसल्यावर रोशनीचे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. गोपालने पोरगी वाढेल या हिशेबाने एक नंबर मोठी सायकल पाठवली होती. पत्रू म्हणाला, "पोरगी वाढन तवा वाढन. उतार आजच आहे." चाकाची एकेक तार पान्ह्याने वाजवून पाहिली, ज्या तारेचा आवाज बसका निघाला ती आवळली. ब्रेकचे रबर रिमपासून पोस्टकार्ड जाईल इतके लांब ठेवले. दोन्ही बाजूंनी सारखे. पोस्टकार्ड मिळेना तर माझ्या घरून नेले.

शेवटी त्याने सतरा कलमांचा तक्ता केला. हवा, साखळी, नट, घंटी, मागची लाल काच, सगळे त्यात होते. सातवे कलम असे: "सायकल उलटी करावी, पुढचे चाक जोरात फिरवावे, ब्रेक दाबावा, चाक जागच्या जागी थांबले पाहिजे." खाली "तपासणारा" आणि सहीची जागा. रोज, चालवण्याआधी.

हे सगळे होईपर्यंत एक गोष्ट राहून गेली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरे लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळापुढे रांगेत उभे करतात. रोशनीचा बैल वाळवीने खाल्ला होता आणि नवा करून द्यायचे पत्रूने उन्हाळ्यातच कबूल केले होते. अकरा दिवस सायकलीत गेले. लाकूड तसेच पडून होते.

"माहा बैल?" रोशनीने विचारले.

पत्रूने लाकडाकडे पाहिले. "बैल चांगला कराचा तर आठ दिवस लागते."

"परवाच्या दिवशी पोळा आहे."

"हो."

"मंग मी सायकलच नेतो बैल म्हणून. पन लाल पाटी लावून बैल नेला तर सारे हासतीन मले."

तिला तेवढेच हवे होते. तान्ह्या पोळ्यात सगळ्यांबरोबर उभे राहायचे, आणि पाटी नको. पत्रूने सतरा कलमे दोनदा तपासली. मैत्रिणीच्या सायकलवर ती आधीच शिकली होती, तरी तिला अंगणात बसवून चार फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः मागे धावला. खाणीतही असेच असते. फिटरने दुरुस्त करायचे, चालवून ऑपरेटरने पाहायचे. मग सही केली आणि पाटी काढली.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणी होती. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखावतो, म्हणून गरम तूप-हळद लावून पळसाच्या पानाने तो शेकतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. पत्रूची बायको वच्छलाबाई हिच्या घरात चाळीस वर्षांत खांदशेकणी झाली नव्हती. बैलच नव्हते. त्या दिवशी ती तुपाची वाटी घेऊन सायकलीपुढे उभी राहिली.

"याचा खांदा कुठी आहे हो?"

रोशनी म्हणाली, "हँडल."

"हँडल म्हंजे शिंग," वच्छलाबाई म्हणाली. "शिंगाले कोनी शेकते का?"

मी म्हणालो, "सीट असन. भार तर सीटवर येते."

पत्रू ओट्यावरून उठला. अशा ठिकाणी तो गप्प बसणारा नाही. "भार बसते सीटवर, पन ओढ येते पुढं. खड्ड्यात चाक गेलं का दणका इथी लागते." त्याने पुढच्या चिमट्याच्या डोक्यावर बोट ठेवले. जिथून चिमट्याचे दोन पाय चाकाच्या दोन बाजूंना उतरतात, तिथे. "हा खांदा."

बोलणे शंभर टक्के बरोबर होते. वच्छलाबाईने तिथे तूप लावले. चाळीस वर्षांचे राहिलेले होते, त्यामुळे हात आखडला नाही. वाटी रिकामी झाली. पानाने शेकले, सायकलीला आवतण दिले आणि रोशनीने सायकलीच्या वतीने हो म्हटले.

पुढचा ब्रेक त्याच चिमट्याच्या डोक्यावर बोल्टाने बसवलेला असतो. त्याचे दोन हात तिथूनच खाली, रिमपर्यंत जातात. हे आम्हा दोघांना ठाऊक होते. तेहेतीस वर्षे तो ब्रेकला तेलाचा थेंब लागू देत नव्हता, आणि मी त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पोळ्याच्या दिवशी बैलाला काम नसते. म्हणून सायकलीलाही नव्हते. जी गाडी चालणार नाही ती तपासायची नसते, हा खाणीचाच नियम. तूप दिवसभर निवांत होते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी वच्छलाबाईने जुन्या लुगड्याची झूल सायकलीवर घातली आणि पुढचे चाक झाकेल अशी, पण चाक फिरेल इतकी सैल, टाके घालून शिवून टाकली. हँडलला पुठ्ठ्याची शिंगे, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. पत्रू तक्ता घेऊन आला. हवा पाहिली, साखळी पाहिली, एकेक नट पाहिला. सातव्या कलमाशी आला आणि थांबला. सायकल उलटी करायची म्हणजे शिंगे मोडणार. झूल उचलायची म्हणजे टाके उसवणार. रोशनी समोर उभी होती. देवळाकडून डफडे वाजायला लागले होते.

त्याने ब्रेकची मूठ दाबून पाहिली. मूठ कडक होती. मूठ कडकच असते. रबराला काय लागले आहे ते मुठीला कळत नाही.

त्याने सातव्या कलमापुढे टिक केली.

मी एका शिंगाला डिंक लावत होतो. मी पाहिले आणि दुसऱ्या शिंगाला डिंक लावायला घेतला.

ठरले असे होते की सायकल हातात धरून न्यायची. पण कॉलनीच्या फाटकापासून देवळापर्यंत रस्ता उताराचा आहे आणि खाली शाळेचे मास्तर माईकवरून सांगत होते की आता तोरण तुटणार. देवळापुढे दोन खांबांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. मानकऱ्याने ते तोडले की पोळा फुटला. रोशनीला वाटले आपण राहिलो. ती सायकलवर बसली.

आम्ही फाटकाशी होतो. सायकल वेगात गेली तेव्हा पत्रू म्हणाला, "दाबन आता." रोशनीने दोन्ही ब्रेक दाबले. पुढचे चाक तसेच फिरत राहिले. मागचा ब्रेक धरत होता, पण उतारावर एकट्याने त्याच्याने किती होणार. दोन बाजूंना लाकडी बैलांच्या रांगा, मधल्या वाटेने ती घुंगरू वाजवत सरळ गेली. पुठ्ठ्याची शिंगे तोरणात अडकली. तोरण तुटले, तिच्याबरोबर पुढे गेले, आणि देवळाच्या कामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगात सायकल रुतून उभी राहिली.

मास्तरांनी रिकाम्या खांबांकडे पाहिले. मग म्हणाले, "पोळा फुटला."

पत्रू उतारावरून धावत गेला. अडुसष्ट वर्षांचा माणूस इतका धावतो हे मी तेव्हा पाहिले. रोशनीचा गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. ती रडत नव्हती. लोक हसत होते म्हणून आपणही हसावे की काय याचा ती अंदाज घेत होती. बिरजू गर्दीत होताच.

"पत्रूभाऊ, माह्याकडे आनली असती तर चाळीस मिनिटांत झाली असती."

पत्रू सायकलीशी वाकला. झूल फाडली, रिमवरून अंगठा फिरवला, वास घेतला.

"तूप," तो म्हणाला.

मागून वच्छलाबाई धापा टाकत आली. "माह्या तुपाले नाव ठेवू नका. खांदा कुठी ते तुमीच सांगतलं."

"ठेवून नाई राह्यलो," पत्रू म्हणाला. "सही माही आहे."

रोशनीला सर्वांत उधळ्या बैलाचे बक्षीस मिळाले, स्टीलचा डबा. असे बक्षीस त्या वर्षीपर्यंत नव्हते, मास्तरांनी जागेवर काढले. तिने डबा घेतला. आबाजीने नको म्हटले नाही. पण घरी जाताना सायकल पत्रूनेच ढकलत नेली आणि लाल पाटी पुन्हा टांगली.

दोन दिवस त्याने रिम राख आणि साबणाने धुतली. रबरे काढून नवी घातली, जुनी घासून चालली असती तरी. मग पाटी काढायची वेळ आली तेव्हा त्याने तक्ता काढला, "तपासणारा" या शब्दापुढचे आपले नाव खोडले आणि पेन्सिल रोशनीच्या हातात दिली. खाणीत न पाहता टिक करणाऱ्याची सही बंद होते. त्याने स्वतः दोघांची बंद केली होती. त्यातला एक त्याचा चुलतभाऊ होता.

"मी करू सही?" रोशनीने विचारले.

"पाहून कर."

तिने कलमे वाचली. सातव्याशी आली. "आबाजी, उलटी करा."

पत्रूने सायकल उलटी केली. तिने चाक फिरवले, ब्रेक दाबला, पाहिले, टिक केली. बाराव्या कलमात घंटी वाजेना. तिने सही केली नाही आणि ती पायी शाळेत गेली.

"पोरीले पायी पाठवलं?" वच्छलाबाई आतून म्हणाली.

"मी नाई. तिनंच सोताले पाठवलं." त्याचा आवाज मी ओळखतो. नवा फिटर नीट निघाला की शेडमध्ये तो असाच बोलायचा. कमी.

तेव्हापासून वर्षभर रोज सकाळी तो सायकल उलटी करतो आणि ती सही करते. पावसातही. यंदा त्याचा उजवा खांदा धरला आहे, पण सातवे कलम त्याला गाळता येत नाही. तसा अधिकार आता त्याच्याकडे नाही.

काल खांदशेकणी झाली. लाकडी बैल यंदा वेळेत झाला होता. तरी वच्छलाबाई वाटी घेऊन आधी सायकलीकडेच गेली. "खांदा कुठी?"

पत्रूने ओट्यावरची बैठक सोडली नाही. रोशनीकडे हात केला.

रोशनीने सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली. "इले नको लावू आजी. इचं काई दुखत नाई." मग ओट्याकडे बोट केले. "आबाजीचा दुखते. त्याले लाव."

पत्रू नको म्हणत होता. वच्छलाबाईने त्याला बसवले, सदरा बाजूला केला आणि तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकायला सुरुवात केली.

"तूप गरम आहे," पत्रू म्हणाला.

"बैल बोलत नाई," वच्छलाबाई म्हणाली.