आल्बिनची न पेरलेली टेकडी

आल्बिन हॉयपेलच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटल्या नेहमी उपड्या मांडलेल्या असत. कपही उपडे. सगळे बसले, प्रार्थना झाली, 'आमेन' म्हटलं, की सगळ्यांनी एकदम ताटल्या सुलट्या करायच्या, आणि मगच आल्बिनची बायको टिली सुपाचं भांडं चुलीवरून उचलायची. मी या गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली पहिली चार वर्षं हॉयपेलांच्या माडीवरच्या खोलीत राहत होते, म्हणून ताटल्यांचा तो एकसाथ खडखडाट माझ्या चांगला ओळखीचा.

कारण होतं टेकडी. घराच्या वायव्येला, अगदी वाऱ्याच्या तोंडावर, हॉयपेलांची रेताड टेकडी आहे. आमच्या नॉर्थ डकोटात वारा पडलेला दिवस लोक लक्षात ठेवतात. एप्रिल-मेमध्ये टेकडी नांगरलेली असली की तिची माती उठायची आणि दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून घरात यायची. टिली खिडक्यांच्या कठड्यांवर ओली फडकी पिळून ठेवी. तरी ताटलीत बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसे. म्हणून ताटल्या उपड्या. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून हेच चाललं होतं.

एवढं करून ती टेकडी देत काय होती? चांगल्या पावसाच्या वर्षी खालच्या शेताच्या निम्मा गहू. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या कोरड्या वर्षी तर पेरलेलं बीसुद्धा परत आलं नाही. पण आल्बिन ती पेरत राहिला. वडिलांनी पेरली म्हणून त्यानं पेरली. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे रविवारी चर्च सुटलं की लोक सरळ घरी जात नाहीत. गाडी अगदी सावकाश चालवत एकमेकांच्या शेतांवरून एक फेरी मारतात आणि कुणाच्या ओळी वाकड्या गेल्यात ते बघतात. आल्बिनची टेकडी चर्चच्या रस्त्यावर आहे. तिच्यावरच्या त्याच्या गव्हाच्या ओळी दाखवून मी मुलांना समांतर रेषा शिकवलेल्या आहेत.

एक्याण्णव साली सरकारनं पुन्हा एकदा अर्ज मागवले. ज्या जमिनीची माती उडते ती दहा वर्षं पेरायची नाही, तिथे गवत लावायचं आणि तिला हात लावायचा नाही. त्याबद्दल दर वर्षी एकरामागे ठरलेले पैसे मिळणार. गावात अर्ध्या लोकांनी अर्ज भरले. आल्बिननं अर्ज घरी आणला आणि खणात टाकून दिला.

मग एका दुपारी 'आमेन' झालं, आल्बिननं ताटली उचलली, तर खाली तो सरकारी कागद. घडी घातलेला, शेजारी पेन.

"हे काय?"

"जेवायच्या आधी सही कर," टिली म्हणाली. हातात सुपाचं भांडं तसंच धरलेलं.

"न पेरायचे पैसे घ्यायचे? माझा बाप काय म्हणेल?"

"तुझा बाप तीस वर्षं माझ्या हातची धूळ खाऊन गेला. तो काही म्हणणार नाही. मला दहा वर्षं ताटल्या सुलट्या मांडायच्यात, आल्बिन. दहाच. पुढे तू टेकडीवर काय हवं ते कर."

सूप निवत होतं. आल्बिननं सही केली.

गावानं त्याला सोडलं नाही. मार्थाच्या हॉटेलात सकाळी दहाला चौघे-पाच जण कॉफीला जमतात, कॉफी कुणी पाजायची ते फासे टाकून ठरवतात. त्यांत एवाल्ड रॉट म्हणजे आल्बिनचा पलीकडचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती, आणि जिभेला हाड नाही.

"मग आल्बिन, यंदा न पेरणं कधी सुरू करतोयस?"

"जमीन तापली की."

"सरळ रेषेत न पेर हो. रविवारी आम्ही बघायला येणार आहोत."

बोलणारा हा एवाल्ड स्वतः खाऱ्या सखल तुकड्याचा अर्ज भरून बसला होता. पण त्याचा तुकडा झाडांच्या रांगेमागे होता, रस्त्यावरून दिसत नव्हता.

ब्याण्णवच्या वसंतात तालुक्याच्या ऑफिसातून सोलवेग नावाची मुलगी आली. नॉर्वेजियनांची, उंच, पंचविशीची, गवताचं शिक्षण घेतलेली. टिलीच्या स्वयंपाकघरात बसून तिनं समजावून सांगितलं.

"मिस्टर हॉयपेल, जमीन भुसभुशीत करू नका. कडक हवी. आणि बी वरच्यावर. नखाच्या जाडीइतकीच माती. काही दाणे वर उघडे दिसले तरी चालतील. दिसलेच पाहिजेत."

आल्बिननं मान हलवली. ही मान मी पालकसभेत अनेकदा पाहिली आहे. 'तुम्ही म्हणता ते ऐकलं' एवढाच तिचा अर्थ.

ती गेल्यावर त्यानं बियाण्याचं पोतं फाडलं, मूठभर बी तळहातावर घेतलं आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. चाळीस वर्षं गव्हाचा जड दाणा हाताळलेल्या माणसाला हे बी वाटेचना, भुसा वाटला. वर उघडं टाकायचं? पाखरं खातील, वारा नेईल, आणि रविवारी अख्खं चर्च बघेल की आल्बिन हॉयपेलला बी झाकता येत नाही. त्यानं टेकडीवर तीनदा कुळव फिरवून ती लोण्यासारखी मऊ केली आणि पेरणीयंत्र गव्हाला लावतात तसं लावलं, ओल लागेल तिथवर. चांगलं दोन बोटं खाली. ओळी मात्र अशा की दोरी धरावी. वाटेत दगडांच्या ढिगाकडे जाणारी जुनी गाडीवाट आली, तीही त्यानं चुकवली नाही. ओळ मोडली असती ना.

त्या उन्हाळ्यात टेकडीवर काय उगवलं? तण. ज्याला रशियन काटा म्हणतात तो, वाळला की गोल होऊन गडगडत जाणारा, छातीएवढा वाढला. आमचे सगळ्यांचे पणजे-खापरपणजे रशियातल्या काळ्या समुद्राकाठून इथे आलेले जर्मन. त्यामुळे एवाल्डला आयतंच मिळालं.

"आल्बिन, रशियातले पाहुणे उतरलेत म्हणे तुझ्याकडे. किती दिवस राहणार?"

आल्बिन हसला नाही. तो रविवारी चर्चला मागच्या रस्त्यानं जायला लागला. सोलवेगनं सांगितलं होतं की तीन हंगामांत पुरेसं गवत दिसलं नाही तर करार रद्द होईल, आणि टेकडी पुन्हा नांगराखाली. टिली ताटल्या उपड्याच मांडत राहिली. आल्बिनला त्या उपड्या ताटल्यांकडे बघवेना.

ऑगस्टमध्ये टिली रानबोरं वेचायला दगडांच्या ढिगाकडे गेली. परत आली ती बोरांशिवाय.

"चल माझ्याबरोबर."

"काटे आहेत वर."

"असू देत. चल."

टेकडीच्या मधोमध जुनी गाडीवाट होती. तिच्या दोन्ही चाकोऱ्यांमध्ये, जिथे चाळीस वर्षं चाकांनी माती ठोकून सिमेंटसारखी केली होती, तिथे गवत उभं होतं. वीतभर उंच, निळसर हिरवं, दाट. टेकडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनच हिरव्या पट्ट्या, बाकी सगळं काट्यांचं रान.

आल्बिन गुडघ्यांवर बसला. खिशातला चाकू काढून त्यानं चाकोरीत उकरलं. तिथे यंत्राचा फाळ आत शिरूच शकला नव्हता, बी जेमतेम नखभर खाली. मग बाजूच्या मऊ मातीत उकरलं. दोन बोटं खाली बी होतं, त्यातून पांढरा दोऱ्याएवढा कोंब निघालेला, आणि अर्ध्या वाटेत संपलेला. त्यानं दुसरीकडे उकरलं. तिथेही तेच.

"ती मुलगी सांगत होती," टिली म्हणाली.

"ऐकलं होतं मी."

"ऐकलं होतंस. बरं."

एवढंच बोलणं झालं. पुढचं मला टिलीनं सांगितलं नाही, मार्थानं सांगितलं.

टेकडी कडक करायची तर जड लोखंडी रोलर हवा. आणि सगळ्या पंचक्रोशीत तसा रोलर एकट्या एवाल्डकडे. आल्बिन तीन दिवस हॉटेलात येऊन नुसती कॉफी पिऊन गेला. चौथ्या दिवशी एवाल्ड फासे हलवत असताना त्यानं कपात बघत विचारलं,

"तुझा रोलर मिळेल का, पुढच्या वसंतात?"

"कशाला? पाहुण्यांना रस्ता करून देतोयस?"

"टेकडी दाबायची आहे." मग कप बाजूला सारून, "मी बी दोन बोटं खाली घातलं."

मार्था सांगते, तिनं कॉफीचं भांडं हातातच धरून ठेवलं. आल्बिन हॉयपेलनं पेरणी चुकली असं म्हणावं, हे त्या टेबलावर कधी घडलं नव्हतं. एवाल्डनं फासे खाली ठेवले.

"दोनच?"

"दोन."

"मी तीन घातलं."

आल्बिननं वर पाहिलं. "तू तर म्हणत होतास तुझं छान उगवलंय."

"छानच उगवलंय. काट्यांतून कुत्रं जात नाही. माझ्यापुढे झाडं आहेत म्हणून, नाहीतर तुला बोलायला मला तोंड होतं का?"

कोपऱ्यात म्हातारा एमिल शाऊअर बसला होता. तो सहसा बोलत नाही. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मी दोनदा पेरलं," तो म्हणाला. "पहिलं उगवलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा आणखी खोल."

त्यानंतर हॉटेलात जे हसणं झालं ते पेट्रोल पंपावर ऐकू गेलं म्हणतात. एमिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. अख्ख्या टेबलावरचे सगळे जण, तालुक्यातले नावाजलेले पेरणारे, सगळ्यांनी ते बी एखादी मौल्यवान वस्तू जपावी तसं पुरून ठेवलं होतं. त्या दिवशी फासे न टाकता मार्थानं सगळ्यांना कॉफी पाजली.

पुढच्या मे महिन्यात एवाल्डचा रोलर आधी टेकडीवर आला, मग एवाल्डच्या तुकड्यावर, मग एमिलकडे. टेकडीवर तो तीनदा फिरला. आता पुरेशी कडक झाली का? सोलवेग म्हणाली होती की चालताना बुटाची टाच उमटावी, बूट बुडू नये. आल्बिनचे शेतावरचे बूट सपाट. तेव्हा टिली रविवारी चर्चहून परतताना गाडी थांबवून, आपल्या उंच टाचांच्या बुटांनिशी, टेकडी चढली. मागे गाड्यांची रांग लागली. दहा पावलं गेली, वळून मातीकडे पाहिलं, आणि तिथेच पोल्काची एक गिरकी घेतली. टाचा बुडाल्या नाहीत. खालून हॉर्न वाजले. एवाल्ड खिडकीतून ओरडला, "टिली, पुढच्या नाचाला मी!"

बी पेरलं तेव्हा काही दाणे वर उघडे दिसत होते. आल्बिन रोज संध्याकाळी जाऊन बघायचा, आणि एका संध्याकाळी पायानं त्यांच्यावर थोडी माती लोटताना टिलीनं त्याला पाहिलं. उद्या तो ट्रॅक्टर घेऊन येईल, हे तिनं ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरची किल्ली सापडेना. ती आंबवलेल्या कोबीच्या बरणीच्या तळाशी होती. गहू पेरायला किल्ली लागे तेव्हा टिली बरणीत हात घालून काढून देई, आणि काम झालं की परत तिथे. त्या वर्षी आल्बिनच्या हातांना कोबीचा वास येई. चर्चमध्ये त्याच्या पुढे बसणाऱ्यांना तो कळे.

पावसानं साथ दिली. पहिल्या वर्षी गवत केसांसारखं विरळ. चौऱ्याण्णवच्या शरदात सोलवेग तारेची एक चौकोनी चौकट घेऊन आली. ती जमिनीवर टाकायची आणि आत किती रोपं ते मोजायची. आल्बिन तिच्या मागे मागे, टोपी हातात धरून. वीस ठिकाणी चौकट टाकून ती उठली.

"मिस्टर हॉयपेल, इतकं दाट मी या वर्षात दुसरीकडे पाहिलेलं नाही."

"एवाल्डकडे?"

"त्यांच्याकडेही नाही."

आल्बिननं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "हे त्याला लिहून दे ना."

पंच्याण्णवच्या मेमध्ये जो वारा सुटला तो इथल्या सगळ्यांना आठवतो. चर्चच्या छपराची चार फळकुटं उडाली. त्या रविवारी टिलीनं एवाल्ड आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं होतं, मलाही. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. टिली रविवारी कधी कपडे धूत नाही, देवाला आवडत नाही म्हणते. त्या दिवशी धुतले होते. पाठीमागे टेकडीवर गवत लाटांनी झोपत होतं, उठत होतं, आणि मातीचा एक कण उडत नव्हता. गवतात कुठेतरी रानकोंबडे घूघू करत होते. ते कधी आले ते कुणालाच माहीत नाही.

आत टेबल मांडलेलं होतं. बटाट्याचं सूप, पिठाचे गोळे घातलेलं, सायीचा केक, आणि पाच ताटल्या. सुलट्या. त्यांच्या तळाशी निळी फुलं होती. चार वर्षं त्या घरात जेवून मी ती फुलं कधी नीट पाहिली नव्हती. ताटली सुलटी होताक्षणी तिच्यात सूप पडायचं ना.

टिली नुसती आमच्याकडे बघत होती.

आल्बिननं प्रार्थना म्हटली. जरा लांबवली. 'आमेन' झालं. टिलीनं सुपानं भरलेला डाव पुढे केला. आणि आल्बिननं चाळीस वर्षांच्या सवयीनं समोरची ताटली उचलली आणि उपडी केली.

गरम सूप ताटलीच्या पाठीवरून सगळीकडे वाहिलं. टेबलावर, एवाल्डच्या मांडीवर.

आल्बिन ताटलीकडे बघत होता. मग एवाल्डनं मांडीवरचा एक पिठाचा गोळा बोटांनी उचलला, तोंडात टाकला, चावला आणि म्हणाला,

"आल्बिन, या वेळी तू अगदी वरच्यावर पेरलंस."

टिली डाव हातात धरून हसत खाली बसली. बराच वेळ तिला उठताच आलं नाही. शेवटी आल्बिननं उठून आपल्या हातानं सगळ्यांना वाढलं. बाहेर वारा घराला धडका देत होता, आणि आम्ही उशिरापर्यंत जेवत राहिलो.