डिटेक्टरला लावलेलं कुंकू

घोडबंदर रोडवरच्या एका गाळ्यात सर आणि मी एक्स-रेचा डिटेक्टर बनवायचो. सर म्हणजे निवृत्त शास्त्रज्ञ, राहायला ठाकुर्लीला. मी त्यांच्या हाताखाली. डिटेक्टर म्हटल्यावर लोकांना दवाखाना आठवतो. आमचं प्रकरण वेगळं. परदेशात मैदानाएवढी गोल यंत्रं असतात, त्यांतून निघणाऱ्या प्रखर एक्स-रेंची चित्रं टिपायला भलंमोठं पॅनेल लागतं. ते एकसंध कुणालाच बनवता येत नाही. म्हणून सिलिकॉनच्या छोट्या फरशा शेजारी शेजारी बसवायच्या, प्रत्येकीला केसाहून बारीक तारा जोडायच्या. काम गवंड्याचंच, फक्त कुणाला शिंक आली की महिनाभराची मेहनत पाण्यात.

तिकडच्या एका यंत्रावर चाचणीची तारीख मिळाली होती. पॅनेल चाललं तर पुढचं काम, नाहीतर गाळा बंद, असं मालकांनी तोंडावर सांगितलेलं. सरांना मात्र बाकी कशाचं काही नव्हतं. "एक चित्र बघू दे गं, मग मी मोकळा," असं ते चहा पिताना म्हणायचे. मी "गप बसा हो सर" म्हणून विषय तोडायचे.

पाठवायच्या आधी दसरा आला. पूजा तर होणारच, आमच्याकडे लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना हार पडतो. पॅनेल मी झाकून ठेवलेलं. सर म्हणाले, "अगं, झाकणाला कसला नमस्कार करायचा?" आणि स्वतःच झाकण काढलं. चौकटीच्या कडेला बोटाने हळद-कुंकू लावलं, एवढंसंच. वर एसीचा झोत चालू. "अहो सर, काय करताय!" मी ओरडले, तोवर लाल धूळ उडून तारांवर बसलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी व्होल्टेज चढवलं आणि फरशा एकामागून एक मेल्या. पुसायला जावं तर तारा तुटत होत्या. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. तारीख निघून गेली. गाळ्यात आता मॉड्युलर किचनचं दुकान आहे.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलेले. पॅनेल देवघराशेजारी भिंतीला टेकवलेलं, झाकण काढून. कुंकवाचा करंडा पुढे करत सर म्हणाले, "लाव गं, आता बिनधास्त लाव."

मी लावलं. चौकटीला नाही, सरळ तारांवरच, बोट दाबून. कुणीच ओरडलं नाही.