दुधाचं, दातांचं

जवळ ये गं. खाटेवर माझ्या शेजारी बसलीयेस असं समजून वाच. फोनवर विचारतेस, "मावशी, ते दुधापासून केलेलं दातांचं क्रीम खरंच लागू पडतं का?" आणि मी तोंड उघडेपर्यंत तुझा कुकर शिट्ट्या द्यायला लागतो. विचारायचं नि उत्तराला थांबायचं नाही, ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून लिहून पाठवतेय.

नातीचा पुढचा नवा दात आला तोच पांढरा डाग घेऊन, खडू घासल्यासारखा. सून तिला इथल्याच, धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आली आणि चपला न काढताच माझ्या हातात एक नळी ठेवली. "आई, हे दुधाचं, दातांचं. ब्रश झाला की बोटानं लावा, चूळ भरू देऊ नका. डाग वाढून भोक पडलं तर दात कोरावा लागेल." एवढं बोलून कामावर गेली.

मी ऐकलं, दुधाच्या दातांचं. पोरीचा दुधाचा दात तर मीच छपरावर फेकला होता. हा पक्का. म्हटलं, दुसऱ्याच पोराचं औषध आमच्या गळ्यात मारलं. तरी संध्याकाळी सुनेला विचारलं, "नक्की दुधाचंच ना?" ती म्हणाली, "हो, दुधाचंच." झालं. नळी फडताळात गेली आणि मी पोरीला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या.

महिन्यानं तपासायला मी नेलं. डॉक्टरीणबाईंनी दात कोरडा करून पाहिला. डाग थोडा पसरला होता. "क्रीम लावताय ना?" पोरगी आ वासूनच बोलली, "आजी म्हणते ते बाळांच्या दातांचं आहे."

मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. क्रीम दुधाच्या दातांचं नाही, दुधापासून केलेलं, असं बाईंनी समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. पण शंका काही गेली नाही, उलट वाढली. शिंदखेड्याला असताना मी चाळीस वर्षं म्हशी पिळल्यात. दूध म्हणजे काय ते मला कोणी शिकवायचं नाही. मे महिन्यात सकाळचं दूध तापवायला उशीर झाला तरी फाटतं, आणि ही नळी महिनाभर फडताळात राहून आंबली कशी नाही? रागात माझ्या तोंडी गावाकडची बोली येते. मी म्हटलं, "दूध शे ना ते, मंग फाटनं का बरं नही?"

बाई निघाल्या दोंडाईच्याकडच्या. हसून म्हणाल्या, "आजी, बठ्ठं दूध नही शे त्यामा." म्हणजे सगळं दूध नाही त्यात. मग साध्या भाषेत सांगितलं: दुधातल्या ज्याचं पनीर बनतं, त्यातला एक भाग वेगळा काढतात. तो दाताला लागणारं कॅल्शियम धरून ठेवतो आणि डागाच्या जागी पोचवतो.

"आणि बाटलीतल्या दुधानं पोरांचे दात किडतात असं तुम्हीच सांगता, ते?"

"बाटली तोंडात ठेवून झोपलं की दूध रात्रभर दातावर बसतं, ते वेगळं. दुधाची ॲलर्जी वगैरे आहे का हिला?"

"पावशेर एका दमात पिते."

"मग लावा."

"डाग जाईल?"

"खात्री देत नाही. अजून भोक नाही, म्हणून प्रयत्न करू. भोक पडलं की हे क्रीम कामाचं नाही. आणि गोळ्या-चॉकलेटं बंद."

खात्री देत नाही म्हणाल्या, तेव्हा कुठं माझा त्यांच्यावर जरा विश्वास बसला. दुधात पाणी घालणारा आधी शपथ घेतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

आता रोज माझ्याच बोटानं लावते. क्रीमला स्ट्रॉबेरीचा वास का, ते मात्र अजून कोणी सांगितलं नाही. कंपनीवाल्यांचा मला भरवसा नाही. दर रविवारी पोरीला खिडकीशी उभी करून दात बघते. कधी वाटतं डाग फिका झाला, कधी वाटतं आहे तेवढाच. सून म्हणते कमी झाला, पण नळी तिनं आणलीय, ती दुसरं काय म्हणणार? माझे डोळे मोतीबिंदूचे, आणि महिना मी वाया घालवला म्हणून मन चांगलंच बघायला धावतं.

तू तोंडावर खरं बोलतेस, म्हणून तुझे डोळे हवेत. जळगाव काही लांब नाही. पुढच्या तपासणीआधी एखाद्या रविवारी ये, उजेडात तिचा दात बघ आणि मला खरं काय ते सांग. लवकर ये.