पालमच्या आत्याबाईचं दुखणं

आमच्या शेजारच्या कुसुमबाईला खोटं बोलता येत नाही. तरी पंधरा दिवस ती फोनशी धडधडीत खोटं बोलत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. ताडकळसला आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. यात माझ्या कानांचा काही दोष नाही.

तिचे सासरे सटवाजी घशाच्या कॅन्सरनं बाजेला खिळले होते. आता उपाय नाही, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलेलं. सटवाजींना मात्र 'घसा धरलाय' एवढंच सांगायचं, असं घरात ठरलं होतं. नवरा भागवत त्यांना पुन्हा मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाला होता. नेलं नाही तर लोक म्हणतील, बापाला मरायला घरी ठेवलं. सुया-नळ्यांत म्हाताऱ्याचे हाल होतील म्हणून कुसुमबाईचा जीव तुटत होता.

घरी येणाऱ्या नर्सबाईंनी तिच्या फोनमध्ये एक सोय करून दिली होती. मराठीत विचारलं की यंत्र बाईच्या आवाजात उत्तर द्यायचं, शेवटच्या आजारात घरी काळजी कशी घ्यावी ते सांगायचं. पण सासऱ्याचं नाव घेऊन मरणाचं बोलायचं कसं? वास्तू तथास्तु म्हणते! म्हणून कुसुमबाईनं आजारच पालमला पाठवून दिला.

"आमच्या पालमच्या आत्याबाईला घशाचा कॅन्सर हाय. घास गिळंना. काय द्यावं?"

यंत्र पेज सांगायचं, गोळ्यांच्या वेळा सांगायचं. मग न चुकता विचारायचं, "आत्याबाईंना विचारलंत का, त्यांना कुठे राहायचंय?" इथं आमची कुसुमबाई फोन बंद करायची.

एक दिवस सटवाजींनी हे ऐकलं. पालमची सरजाबाई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. तिला कॅन्सर झालाय आणि कुणी खरं सांगितलं नसेल, असं धरून त्यांनीही फोन करून फक्त "भेटून जा" एवढंच म्हटलं.

सरजाबाई एसटीनं आली, ती ठणठणीत. मी तिथंच चहा घेत होतो. सटवाजी तिच्या गळ्यात पडून रडले आणि आपल्या वाटीतली पेज त्यांनी तिच्यापुढं केली.

"अक्का, तुला घास गिळंना म्हणं. ही घे, लय पातळ हाय."

"मला काय धाड भरलीय? सकाळी दोन भाकरी ठेच्यासंगं खाल्ल्या मी!"

सटवाजींनी सुनेकडं पाहिलं. तिनं पदरात तोंड लपवलं. दवाखान्याची पिशवी भरणाऱ्या भागवतचे हात थांबले.

"आण तो फोन," सटवाजी म्हणाले.

कुसुमबाईनं लावून दिला. यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं कालचा अर्धवट राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला, "आत्याबाईंना विचारलंत का, त्यांना कुठे राहायचंय?"

"आज इचारलं, माय," सटवाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आत्याबाई कुठंबी जाणार न्हाई. ती हितंच ऱ्हाणार, कुसुमच्या हातची पेज पीत. फकस्त दुखू देऊ नका म्हणती."

भागवतनं पिशवीतलं धोतर काढलं आणि परत खुंटीला अडकवलं.