साबणाच्या वडीवरचे आटे

देवळीच्या बसस्थानकामागे रूपरावांचे गॅरेज होते. तिथले एकही खास हत्यार पूर्ण नसे.

पाने, पेचकस यांचे ठीक. ते दुकानात मिळतात. पण जुन्या मोटारसायकलींची इंजिने उघडायला जी हत्यारे लागतात, ती दुकानात मिळत नाहीत. गाडी बनवणारी कंपनी बुडाली की तिची हत्यारेही तिच्यासोबत जातात. रूपराव ती स्वतः करत. ट्रकच्या कमानपाट्यातून त्यांनी व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा चिमटा केला होता. झिजलेल्या क्लचप्लेटला पाइप जोडून क्लच धरून ठेवायची मूठ केली होती. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून पिस्टनच्या रिंगा आवळायचा पट्टा केला होता. करायचे मात्र असे की प्रत्येक हत्याराचा एक तुकडा गॅरेजात राहील आणि दुसरा घरी. ज्या दिवशी ज्याचे काम, त्या दिवशी त्याचा घरचा तुकडा जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली, फडक्यात गुंडाळून यायचा. संध्याकाळी तसाच परत जायचा.

"भाकरीले ग्रीसचा वास येते," त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणायच्या. "लोकं डब्यात लोनचं नेतात, तुमी बोल्ट नेता."

"लोनचं कोनी चोरत नाई," रूपराव म्हणायचे.

याला कारण होते. तरुणपणी त्यांनी क्लच उघडायचे एक हत्यार डोके लावून रचले आणि लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरकडून एकसंध करून घेतले. दिवाळी येईपर्यंत तेच हत्यार वर्ध्याच्या चार गॅरेजांत टांगलेले त्यांनी पाहिले. त्यानंतर एका टर्नरला अख्खे हत्यार त्यांनी कधी दाखवले नाही. अर्धे काम पुलगावला, अर्धे वर्ध्याला. याला कळू नये तो काय करतो, त्याला कळू नये हा काय करतो. आणि गिऱ्हाइकाच्या इंजिनाचा मूळ भाग तर टर्नरच्या हाती द्यायचाच नाही. मोजून न्यायचे, कागदावर काढून न्यायचे, पण भाग गॅरेजातच.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात कापड दुकानवाले महादेवराव आपली गाडी घेऊन आले. घेऊन म्हणजे बैलबंडीत घालून. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली ती विलायती मोटारसायकल, हलकी, एका सिलिंडरची. कित्येक वर्षे दुकानाच्या मागच्या खोलीत गाठोड्यांखाली पडून होती. क्रँकचे बेअरिंग गेले होते आणि इंजिन फिरताना दगड भरडल्यासारखा आवाज करत होते.

महादेवरावांनी गाडीसोबत दुकानातले स्टूलही आणले होते. इंजिन उघडेपर्यंत आणि बंद होईपर्यंत ते त्या स्टुलावर बसणार होते.

"विश्वास नाई काय, शेठ?" रूपरावांनी विचारले.

"विश्वास आहे ना. पन डोळे कायले बंद ठेवू?"

जुन्या गाडीचा मालक आणि मिस्त्री यांच्यात हे चालतेच. मालकाला वाटते, मिस्त्री अस्सल भाग काढून घेईल आणि नकली बसवेल. महादेवराव त्याच्याही पुढे गेले होते. पहिल्याच दिवशी सिलिंडर धुताना रूपरावांना त्याच्या खालच्या अंगाला लाल ठिपका दिसला. मग कार्बोरेटरवर दिसला, मॅग्नेटच्या चाकावर दिसला. नखांना लावायचा रंग होता. आणायच्या आधी घरी बसून शेठजींनी हात पोहोचेल त्या प्रत्येक भागावर खूण केली होती.

 थिनरची बाटली रूपरावांनी फळीवर ठेवून दिली आणि एकेक भाग रॉकेलमध्ये ब्रशने धुतला. एकही ठिपका पुसू दिला नाही. राग व्यक्त करायची ती त्यांची पद्धत होती.

अडले ते मॅग्नेटच्या चाकापाशी. क्रँकच्या टोकावर ते चाक घट्ट बसलेले असते. ते निघाल्याशिवाय पुढे काहीच उघडत नाही. हातोड्याने काढायला गेले तर फुटते. त्याच्या मध्यभागी बारीक आटे असतात. त्यात पुलरची, म्हणजे चाक ओढून काढायच्या हत्याराची, टोपी फिरवून बसवायची, टोपीच्या मधून बोल्ट आवळायचा, बोल्ट क्रँकला मागे रेटतो आणि चाक सुटून हातात येते. आटे चाकाचे गेले की धरायला काही उरत नाही. दुसरे चाक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे इंजिन भंगारात. आजवर रूपरावांच्या हातून एकही जुने इंजिन मेलेले नव्हते. नागपूरहून लोक गाड्या आणत ते त्याच नावावर.

पुलर नेहमीप्रमाणे दोन गावांत झाला. मधला बोल्ट पुलगावला, कापड गिरणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या तानबांकडे. टोपी वर्ध्याला, नवे लेथ घेतलेल्या एका टर्नरकडे. टोपीसाठी चाकाचे आटे दाखवणे भाग होते, आणि चाक तर इंजिनावरून निघत नव्हते. अख्खे इंजिन कुणाच्या दारात न्यायची रूपरावांची तयारी नव्हती. त्यांनी कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली, तिचा कोपरा चाकात दाबला आणि आट्यांचे ठसे उठवले. ती वडी वर्तमानपत्रात बांधून वर्ध्याला नेली.

"कायचे आटे आहेत हे?" टर्नरने विचारले होते.

"आहेत एका पंपाचे."

टर्नरने ठशांवर आटे मोजायची दातेरी कंगवी लावली. चार-पाच आट्यांपुरती ती बरोबर बसली. त्याने तसे आटे कापून दिले.

चाक काढायच्या दिवशी बोल्ट भाकरीखालून निघाला. रूपरावांनी टोपी चाकात धरली आणि फिरवली. पहिले चार आटे लोण्यासारखे गेले. पाचवा गेला. सहाव्याला टोपी जड झाली. स्टुलावरून महादेवराव पुढे वाकले. रूपरावांना वाटले, जुना मळ असेल. त्यांनी पान्याला पाइप लावला आणि थोडे रेटले. कुरर्र असा बारीक आवाज आला.

त्यांनी हात काढून घेतला. टोपी हळूहळू उलटी फिरवून बाहेर काढली. तिच्या आट्यात चांदीसारखी बारीक तार अडकली होती.

महादेवरावांनी बोट घालून चाकाचे आटे चाचपले. "हे तुमीच तोडलं."

"एक आटा दुखावला. बाकीचे आहेत."

"एक दुखावला म्हनता! आता म्हनसान चाक गेलं, इंजिन गेलं, द्या भंगारात. अन् मग तेच इंजिन तुमच्याच गॅरेजात उभं राहीन. मले समजत नाई काय?"

"शेठ, काल मी चहाले गेलतो तवा या टोपीले हात कोनं लावला?"

"मी? मी कायले लावू?"

"तुमीच होते ना इथं. माह्यं हत्यार पाहून ठेवाले बसले तुमी या स्टुलावर. नाईतर इतका वेळ दुकान सोडून कोन बसते?"

 रूपरावांनी टोपी उन्हात नेली. तिचे आटे साफ होते. कुणी हात लावला नव्हता. म्हणजे टर्नरने दगा दिला. किंवा तानबांनी वर्ध्याच्या टर्नरला गाठले आणि दोघांनी मिळून मुद्दाम चूक केली, इंजिन मोडावे म्हणून. त्यांनी सगळ्या शक्यता तपासल्या. साबणाची वडी तेवढी त्यांच्या मनात आली नाही.

रेटून पाहावे, तर दुसरा आटा जाणार. न रेटावे, तर चाक निघत नाही. आता आटे खुद्द चाकावरून मोजायला हवे होते, म्हणजे अख्खे इंजिन टर्नरच्या दारात न्यायला हवे होते. वर्ध्याला जायचा प्रश्न नव्हता. उरले तानबा.

सिलिंडर उतरवलेले इंजिन त्यांनी बारदान्यात बांधले. महादेवरावांनी दुकानाला कुलूप लावले आणि मागोमाग आले.

"तुमी कुठं?"

"इंजिन जाईन तिथं."

पुलगावला दारूगोळ्याचा डेपो असल्याने त्या रस्त्यावर बारदान्यातले जड लोखंड कुणाला आवडत नाही. एसटीत चढताच कंडक्टरने बुटाने गाठोडे ढोसले.

"काय आहे काका याच्यात?"

"इंजिन."

"कायचं?"

"माह्या मोटारसायकलचं," महादेवराव म्हणाले.

"मग तुमी काऊन धरून राह्यले?" कंडक्टरने रूपरावांना विचारले.

"मी मिस्त्री आहो."

"अन् हे?"

"माह्यावर नजर ठेवाले आले."

कंडक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, गाठोडे सोडायला लावले, आत डोकावला आणि पुन्हा बांधायला लावले. पुलगाव येईपर्यंत तो मागच्या दारापाशीच उभा राहिला.

तानबांचे शेड गिरणीच्या भिंतीला लागून होते. लेथ जुने होते, गिरणीच्या लिलावातले, इंचाच्या मापाचे. तानबांनी बारदाना उघडला, चाकात बोट फिरवले आणि टोपी मागितली. रूपरावांनी ती खिशातून काढायला वेळ लावला.

"हे कोनं केली?"

"वर्ध्याले केली."

"माप काय देल्लं होतं?"

रूपराव बारदाना आवरू लागले. महादेवराव म्हणाले, "साबनाची वडी देल्ली होती. म्या सोता पाह्यली, कागदात बांधून नेली तवा."

तानबांनी चष्मा वर केला. "साबनाची? आंगोळ घालाची होती काय इंजिनले?"

शेडमधले दोघे-तिघे हसले. तानबांनी इंचाची कंगवी चाकात लावली, मग मिलिमीटरची. दोन्ही रूपरावांच्या हाती दिल्या. "हे पाहा. एका इंचात सव्वीस आटे. एक मिलिमीटरचा आटा त्याच्या इतका जवळ आहे का चार-पाच आट्यात फरक समजतच नाई. त्याच्यापुढं चालला का चावते. आता वडी पातळ, तिच्यावर चार-पाचच आटे. वरून उन्हात नरम झाली असन. त्याचं लेथ नवं, मिलिमीटरचं. त्यानं त्याच्याजवळचं जवळचं माप कापलं. त्याले सांगतलं असतं का जुन्या विलायती गाडीचं आहे, तर त्यानं इंचाचं पाह्यलं असतं ना."

"त्याले म्या पंपाचं म्हून सांगतलं," रूपराव म्हणाले.

"अन् बोल्टाच्या वक्ती मले काय सांगतलं होतं?"

"चरख्याचा."

"वर्धा जिल्ह्यात चरख्याले एवढा बोल्ट लागते हे मले आजच मालूम झालं."

तानबांनी एक जुना स्टीलचा गोल तुकडा उचलला, लेथवर बांधला आणि गिअर बदलले. आटे कापताना ते दर थोड्या वेळाने थांबत आणि चाकात लावून बघत. रूपराव त्यांच्या खांद्यामागे उभे होते. तानबा कागदावर काही लिहितात का, हे ते पाहत होते. महादेवराव इंजिनावर हात ठेवून बसले होते.

नवी टोपी दुखावलेला आटा ओलांडून आत गेली. चावली नाही. रूपरावांनी बोल्ट लावला, पाना घेतला आणि आवळत गेले. आधी काहीच झाले नाही. मग टक् असा कोरडा आवाज झाला आणि चाक सैल होऊन त्यांच्या हातात आले. पूर्ण, सगळ्या आट्यांसकट, एक सोडून.

 रूपरावांनी टोपी आणि बोल्ट दोन्ही उचलून फडक्यात बांधायला घेतले. मग ते थांबले.

"तानबाजी, हे आता तुमी पुरं पाह्यलं."

"पाह्यलं."

"आनखी कोनाले करून देसान काय?"

"कोनाले देऊ?" तानबा हात पुसत म्हणाले. "अशी गाडी या जिल्ह्यात दुसऱ्या कोनाजवळ आहे? आली एखादी तर ते तुमच्याचकडं येईन. तुमी लपवता ते कोनाच्याच कामाचं नाई, रूपराव."

 तेवढ्यात महादेवरावांनी सदऱ्याच्या खिशातून लाल रंगाची छोटी बाटली काढली. चाक पालथे केले आणि आजवर हात न पोहोचलेल्या आतल्या अंगावर एक ठिपका लावला. बाटलीचे झाकण ते बंद करणार, तोच रूपरावांनी नवी टोपी पुढे केली.

"याच्यावरही लावा."

"काऊन? हे कोन बदलवते?"

"तानबाजी आहेत ना," रूपराव म्हणाले.

तानबांनी हसत मान हलवली. महादेवरावांनी ठिपका लावला.

ती गाडी त्याच हिवाळ्यात सुरू झाली. महादेवराव तिच्यावर बसून दुकानासमोरून दोनदा गेले आणि मग घरी जाऊन सगळे ठिपके पुन्हा तपासले, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. वर्ध्याच्या टर्नरकडे रूपराव परत गेले नाहीत. त्यापुढची हत्यारे ते तानबांकडे एकसंध करून घेऊ लागले, आणि मूळ भाग सोबत नेऊ लागले. साबण घरीच राहिला.

फक्त जाताना ते गॅरेजातले एक लाकडी स्टूल काखेत घेऊन एसटीत बसत. लेथ सुरू होऊन बंद होईपर्यंत तानबांच्या शेडमध्ये ते त्या स्टुलावर बसून राहत.